रत्नपुरीचा खजिना

तलवाड्याच्या सप्ताहात महाराजांनी कीर्तनात दृष्टांत दिला, "रत्नपुरीच्या राजानं सगळा खजिना मंदिरात पुरला, अगदी विणेकरी पहाऱ्याला उभा राहतो त्या फरशीखाली!"

लोक हसले, पण आसारामच्या मनात पाल चुकचुकली. महाराजांनी गावाचं नाव बदललंय, जागा न्हाई!

सकाळी तो पहाऱ्याला गेला, तर परमेश्वर आधीच गळ्यात वीणा अडकवून उभा.

"तुला कावून एवढी भक्ती सुटली बे?"

"अन् तुला कावून?"

दोघंही एकमेकांच्या पायाखालची फरशी न्याहाळत राहिले.

काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी महाराज पहाऱ्याच्या पाळ्या लावणाऱ्या कौशल्याबाईंना हळूच म्हणाले, "माय, पहाऱ्याला माणूस मिळंना म्हणलात, म्हणून ती रत्नपुरी रचली, आता यांच्या गळ्यातून वीणा उतरवायला काय रचू?"