मास्तरांच्या पायाशी असलेला ब्रेक

रेवदंड्याच्या चांगदेव मास्तरांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते: एक शिकणाऱ्याचा, दुसरा मास्तरांच्या पायाशी. इतरांवर खेकसणारे मास्तर लेक प्राप्तीला शिकवताना मात्र चकार शब्द काढत नसत. उतारावर गुपचूप आपलाच ब्रेक दाबत. लायसनच्या परीक्षेतही शेजारी बसून तेच केलं, वर "पोरीचा हात बसलाय" म्हणून पेढे वाटले. आज काशीदच्या उतारावर प्राप्तीची नवी गाडी रस्त्याकडेला सुकट विकणाऱ्या ठमाबाईच्या अंगावर गेली. म्हातारी जागीच संपली. "ब्रेक फेल झाला असंल," मास्तर पोलिसांना सांगत राहिले. मेकॅनिकनं गाडी तपासली. "ब्रेक ठणठणीत हाय, मास्तर." चौकीबाहेर बापलेक शिकवणीच्या गाडीत सवयीनं आपापल्या जागी बसले. "बाबा, मी ब्रेक दाबलाच न्हाय," ती पुटपुटली. "शिकताना गाडी आपसूकच थांबायची ना?" गाडी बंद होती, तरी मास्तरांचा पाय आपल्या ब्रेकवर रुतला होता.