थापाड्या गेम

हातात धरून खेळायचा तो गेम चाळीस टक्के बॅटरी दाखवायचा आणि ऐन रंगात धप्पकन बंद पडायचा. रिपेअरवाल्यानं बॅटरी पार उतरवली, परत काठोकाठ भरली, आकडा ताळ्यावर आणला.

गेम न्यायला गिऱ्हाइकाची बायको आली. रिपेअरवाला खुशीत म्हणाला, "वहिनी, आता बेटा थापा मारणार नाही. संपायच्या आधीच सांगेल. साहेबांनी चार्जर जोडायचा, खेळ थांबायचं नावच नाही!"

तिचा चेहराच उतरला. "भाऊ, होता तसा परत नाही का करता येणार?"

"अहो, बिघडवून कोण मागतं?"



"बंद पडला की परत चालू होईस्तोवर हे माझ्याशी बोलायचे हो."