गल्लीमागचं मैदान

शनिवारी दुपारच्या फुटबॉल मॅचेस इंग्लंडातल्या टीव्हीवर दाखवत नाहीत, अमेरिकेत मात्र दिसतात. म्हणून आपल्या लाडक्या क्लबच्या मैदानामागच्याच गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या विल्फकाकांना ओहायोतली डार्ला दर शनिवारी, तिच्याकडे सकाळ असताना, फोनवरून मॅच सांगायची. चार वर्षांपूर्वी ती तिकडे मॅच बघायला गेली तेव्हा ते शेजारच्या खुर्चीत होते, एवढीच ओळख.

आज जिंकलं नाही तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता, आणि त्या मॅचेस डार्लाच्या चॅनेलवर लागत नव्हत्या. म्हणजे शनिवारचा फोनही बंद.

बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि आपल्याला पेनल्टी.

"कोण मारतोय गं?"

"तो नवा प्रेन्टिस, काका."

"मेलो! आणि हे बघ पोरी, तुम्हा अमेरिकनांसारखं फुटबॉलला सॉकर म्हणालीस तर फोन ठेवीन."

डार्लाला हसू आलं नाही. टीव्हीवर प्रेन्टिस अजून चेंडू नीट ठेवत होता, इतक्यात फोनमधून हजारो माणसांचा जल्लोष तिच्या कानावर आदळला. उकाड्यामुळे काकांनी आज पहिल्यांदाच खिडकी उघडी ठेवली होती. टीव्हीवरचं चित्र अर्धं मिनिट मागे होतं. तिकडे गोल होऊनही गेला होता.

काकांनीही तो जल्लोष ऐकलाच असणार.


"अगं, गप्प का झालीस?" त्या गलक्यातच काका ओरडले. "मारली का त्याने? सांग ना लवकर, जीव टांगणीला लागलाय माझा!"