मंडळीची घागर

सिरसाळ्याकडचा तलाव आटला, त्याच वर्षी तिथल्या मच्छीमार सोसायटीची होडी मंजूर होऊन आली. होडी ओढायला लोखंडी ट्रेलर आणि सोबत परिपत्रक : समुद्राच्या खाऱ्या पाण्याने ट्रेलर गंजू नये, म्हणून तो रोज गोड्या पाण्याने धुवावा. सभासद ऊसतोडीला निघून गेले. मागे राहिले एकटे राखणदार आश्रुबा.

तपासणीला आलेल्या साहेबांना ट्रेलरवर गंजाचा ठिपकाही सापडला नाही.

"टँकर माणशी एकच घागर देतो ना? मग हा धुता कशानं?"

"मंडळीच्या घागरीनं."

"आणि त्या काय पितात?"

"तिला जाऊन दोन वर्सं झाली, सायेब. यादीत नाव हाय अजून."

साहेबांनी पेन काढलं. "नाव कमी करावं लागेल. आणि ट्रेलर धुऊ नका, इथं कुठं आलाय समुद्र?"

"ते मलाबी ठावं हाय," आश्रुबा म्हणाले. "पर टँकरवाला रोज यादी बघून 'बायनाबाई' म्हणून हाक मारतो. घागर उचलली न्हाई, तर उद्यापासून मारायचा न्हाई."