तीन टिंबं
साठ वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेऊन इंग्लंडहून एकटीच निघालेली म्हातारी बाई नाशिकपर्यंत आली आणि वॉटर पंपाचा पितळी बुश झिजून गाडी तापली. तिकडून पार्ट यायला महिना लागणार होता. तिथल्या अंबड एमआयडीसीतल्या धनराजने झिजलेला बुश समोर ठेवून लेथ सुरू केलं. नमुना द्या, जसाच्या तसा घ्या, ही त्याची ख्याती. संध्याकाळी नवा बुश निरखताना बाई हसून काही बोलली. धनराजच्या लेकीने ते मराठीत सांगितलं, “पप्पा, कडेवरची ही तीन टिंबं पार्टची नव्हती. जुना बुश तुर्कस्तानातल्या एका कारागिराने घडवलेला. ती त्याची खूण.” धनराज ओशाळला. “घासून टाकतो,” म्हणून कानस उचलली, पण हात चालेना. जुना बुश उजेडात धरला. काम असं, की बोट ठेवायला जागा नाही. “राहू दे,” म्हणत त्याने शेजारी चौथं टिंब ठोकलं, स्वतःचं.