चमकीचे पाच कण

हॉटेलच्या खोलीतून नाहीसा झालेला माझा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी तिथेच गादीखाली सापडला, तेव्हा मी तो तडक कंपालात नालुबेगाच्या दुरुस्तीच्या गाळ्यावर आणला. जमिनी कुणी बळकावल्या हे माझ्या बातमीसाठी मला सांगणाऱ्या अकरा गावकऱ्यांची नावं त्यात कुलूपबंद होती आणि पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात होता. मी बटण दाबणार, इतक्यात तिने माझं मनगट धरलं. “थांबा, सेबो,” तिकडच्या भाषेत ‘साहेब’ म्हणत ती म्हणाली. “आधी स्क्रू बघते.” महिन्यापूर्वी तिने टोपलीतून नेलपॉलिश विकत फिरणाऱ्याकडून चमकीची बाटली घेऊन प्रत्येक स्क्रूवर थेंब सोडला होता आणि फोटो काढून ठेवले होते. “आता याला कानातलंही घाल,” असं मी तेव्हा म्हणालो होतो. आज तिने भिंग लावलं. “रंग हुबेहूब आहे. पण फोटोत इथे चमकीचे पाच कण आहेत, आता तीनच. कुणीतरी उघडून परत रंगवलाय.” लॅपटॉप उघडून, पण चालू न करताच, तिने आतल्या डाळीच्या दाण्याएवढ्या चिपमधला मजकूर वाचला आणि महिन्यापूर्वीच जपून ठेवलेल्या त्याच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिला. “मशीन जागं होताना सगळ्यात आधी हिचं ऐकतं. हिच्यातच पाहुणा बसवलाय. पासवर्ड टाकला असतात, तर त्याने टिपला असता.” तिने चिप पुसून मूळ प्रत भरली, प्रत्येक स्क्रूवर नवा थेंब सोडला आणि फुंकर घातली. “वाळेपर्यंत हात लावायचा नाही.” मंत्र्यांच्या धमक्यांना न जुमानणारा मी, हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.