त्याच दिवशी नष्ट

विमानतळावरची पाटी ठामपणे सांगत होती, की हातातल्या सामानात सापडलेले बॅटरीचे सेल विमानास धोकादायक असल्याने जप्त होतात आणि त्याच दिवशी नष्ट केले जातात. ज्या दोन सेलांचा उजेड मढ गावच्या पायवाटेवर बिबट्याला जेमतेम बिचकवत असे, ते अख्खं विमान पाडू शकतात, हे ज्ञान रखमाजींना सरकारी खर्चाने दिल्लीच्या कृषी प्रदर्शनाला निघताना झालं. अधिकाऱ्याने रिकामी विजेरी परत दिली आणि सेल ठेवून घेतले.

पाचव्या दिवशी परतताच रखमाजी त्याच अधिकाऱ्यापुढे उभे राहिले. एसटी मढला पोचेपर्यंत अंधार पडणार होता, आणि वाटेवर बिबट्या होताच.

"सायेब, आमचं सेल द्या."

"आजोबा, ते त्याच दिवशी नष्ट केले. नियम म्हणजे नियम."

रखमाजी हळहळले. "लई जुनं व्हतं राव. रोज उन्हात तापवल्याबिगर घटकाभर बी चालत न्हाईत."

अधिकाऱ्याने कपाळावर हात मारला.



"तरीच माझा ट्रान्झिस्टर ऐन मॅचमध्ये बंद पडला!"